चित्रचोरीवरची टूल्स वापरून बघितली: ग्लेझ, नाइटशेड, टिनआय वगैरे

आधी निकाल सांगून टाकते, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांचं काम होऊन जाईल. ग्लेझ (तुमची शैली एआयपासून झाकणारं सॉफ्टवेअर) जरूर वापरा, पण ते नेमकं कशासाठी आहे ते समजून घेऊन वापरा. टिनआय (तुमचं चित्र इंटरनेटवर कुठे कुठे आहे ते शोधणारी साइट) आजच बुकमार्क करून ठेवा. नाइटशेडकडून (एआयला मुद्दाम चुकीचं शिकवणारं सॉफ्टवेअर) फार अपेक्षा ठेवू नका. कंटेंट क्रेडेन्शियल्सची (चित्र कुणी बनवलं याची फाइललाच जोडलेली नोंद) कल्पना चांगली आहे पण अजून कच्ची आहे. आणि चित्र चोरीला गेल्यावर खरोखर उपयोगाला येतं ते यातलं कुठलंच सॉफ्टवेअर नाही, तर तुमच्याकडे जपून ठेवलेली लेयर्सवाली (चित्राचे भाग वेगवेगळ्या थरांत असलेली) मूळ फाइल आणि नीट लिहिलेली टेकडाउन नोटीस, म्हणजे चोरलेलं चित्र उतरवा असं साइटला कळवणारं पत्र.

मी चित्रं काढूनच पोट भरते, पुस्तकांची कव्हरं, मासिकांची इलस्ट्रेशन्स, अधूनमधून पोस्टर्स. आमच्या कामात चित्र ऑनलाइन टाकलं नाही तर नवीन काम येत नाही आणि टाकलं की ते कुणाच्या हाती लागेल त्याचा नेम नाही. वर "इंटरनेटवर टाकलं म्हणजे ते सगळ्यांचंच झालं की" असं म्हणणारे अजूनही भेटतात, चांगले शिकलेसवरलेले भेटतात. अहो नाही. चित्र काढलं त्या क्षणापासून त्याचा कॉपीराइट काढणाऱ्याचा असतो (नोकरीत किंवा करारात हक्क लिहून दिले असतील तर गोष्ट वेगळी), त्यासाठी कुठे नोंदणी करावी लागत नाही की चित्राखाली वर्तुळातलं ते चिन्हही टाकावं लागत नाही. १८८६ साली झालेला बर्न करार आज जगातल्या बहुतेक सगळ्या देशांना लागू आहे आणि त्यात हे स्पष्ट आहे. काही देशांत कोर्टात जायचं तर आधी नोंदणी लागते, अमेरिकेत तिथल्या कलाकृतींसाठी लागते, पण हक्क मात्र नोंदणीमुळे जन्माला येत नाही.

आता टूल्सकडे जाण्याआधी एक गोष्ट, कारण बहुतेक लोकांचा गोंधळ इथेच होतो आणि मग ते "ग्लेझ लावलं तरी माझं चित्र चोरलंच" म्हणून चिडतात. चोरी दोन वेगवेगळ्या प्रकारची असते. एक चोर तुमचं चित्र जसंच्या तसं उचलतो आणि मग कपवर, फोनच्या कव्हरवर छापून विकतो. दुसरा तुमच्या चित्रांचा ढीग गोळा करून एआय मॉडेलला शिकवतो आणि मग तुमच्या हातासारखी नवी चित्रं पाडतो. पहिल्याला तुमचं एक चित्र हवं असतं, दुसऱ्याला तुमचा हात हवा असतो. या दोघांवर एकच औषध नाही, आणि जे टूल एकावर चालतं ते दुसऱ्यावर जवळजवळ काहीच करत नाही.

पहिल्या प्रकाराचं उदाहरण हवं असेल तर डिसेंबर २०१९ मध्ये ट्विटरवर झालेला प्रकार आठवा. तिथे असे बॉट्स फिरत होते की कुणी चित्राखाली "मला हे टी-शर्टवर हवंय" असं लिहिलं की ते चित्र आपोआप उचलून एखाद्या साइटवर टी-शर्ट म्हणून विकायला लावायचे, मूळ चित्रकाराला विचारायचा प्रश्नच नाही. मग चित्रकारांनी मिळून मुद्दाम अशी चित्रं टाकली ज्यांच्यावर "ही साइट चोरलेली चित्रं विकते, इथून घेऊ नका" असंच लिहिलं होतं, आणि खाली एकमेकांना टी-शर्ट मागितले. बॉट्सनी तेही इमानेइतबारे विकायला लावलं. काहींनी तर मिकी माऊसची चित्रं टाकली, म्हणजे डिस्नीचे वकील तरी मागे लागतील. चोरी किती यांत्रिक आहे ते यातून दिसलं, कुणी माणूस बसून तुमचं चित्र निवडत नाही, डोळेसुद्धा लावत नाही.

दुसऱ्या प्रकाराचं सगळ्यात माहीत असलेलं नाव म्हणजे ग्रेग रुटकोव्स्की, पोलंडचे चित्रकार, ड्रॅगन आणि किल्ल्यांची भव्य फँटसी चित्रं काढतात. ऑगस्ट २०२२ मध्ये स्टेबल डिफ्यूजन हे लिहिलेल्या वर्णनावरून चित्र बनवणारं एआय मॉडेल आलं आणि पुढच्या महिनाभरात त्यांचं नाव प्रॉम्प्टमध्ये (मॉडेलला दिलेल्या वर्णनात) सुमारे ९३,००० वेळा वापरलेलं एआय चित्रांच्या एका शोध-साइटवर सापडलं, त्याच साइटवर पिकासोचं नाव २,००० च्या आसपास. स्वतःचं नाव शोधलं तर स्वतःची चित्रं सापडेनात, अशी वेळ येईल याची धास्ती त्यांनी जाहीरपणे बोलून दाखवली होती. त्याच वर्षी एका इलस्ट्रेटरची फक्त ३२ चित्रं घेऊन कुणीतरी तिच्या शैलीचं मॉडेल बनवलं आणि सगळ्यांसाठी फुकट ठेवून दिलं. फक्त ३२! एवढी चित्रं तर कुठल्याही होतकरू मुलाच्या पोर्टफोलिओत असतात. आणि इथे कायदाही फारसा मदतीला येत नाही, कारण कॉपीराइट विशिष्ट चित्राला असतो, शैलीला नसतो. ही जी फट आहे तिथे ग्लेझ बसतं.

ग्लेझ शिकागो विद्यापीठाच्या सँड लॅबमध्ये बनलं, प्राध्यापक बेन झाओ आणि हेदर झेंग यांची टीम, प्रमुख विद्यार्थी शॉन शॅन. मार्च २०२३ पासून ते डाउनलोडला आहे, पूर्णपणे फुकट, जाहिराती नाहीत, तुमचं चित्र कुठल्या सर्व्हरवर जात नाही, सगळं तुमच्याच कॉम्प्युटरवर होतं. त्यांच्या पेपरला २०२३ च्या युझनिक्स सिक्युरिटी या कॉम्प्युटर सुरक्षेच्या परिषदेत उत्कृष्ट पेपरचा पुरस्कारही मिळाला. पुरस्काराशी आपल्याला फार देणंघेणं नाही, पण मला आवडलं ते हे की त्यांनी सुरुवातीपासून चित्रकारांना बरोबर घेतलं, हजाराहून जास्त चित्रकारांना विचारलं की चित्रात किती बदल दिसला तर तुम्हाला चालेल. अशा विषयावरचं सॉफ्टवेअर बनवताना कुणी आम्हाला विचारतं हेच नवीन होतं.

एक गोष्ट लपवायला नको, पहिल्या आवृत्तीत त्यांच्या इंटरफेसमध्ये डिफ्यूजनबी नावाच्या ओपन सोर्स प्रोग्रॅमचा कोड लायसन्स न पाळता आला होता. लोकांनी दाखवून दिल्यावर त्यांनी कबूल केलं आणि तो भाग काढून नव्याने लिहिला. चित्रकारांच्या हक्कांसाठीच्या सॉफ्टवेअरमध्ये असं व्हायला नको होतं हे माझं स्पष्ट मत आहे, पण लगेच मान्य करून दुरुस्त केलं हेही तितकंच खरं.

ते काम कसं करतं ते थोडक्यात. माणसाचा डोळा चित्र बघतो तसं मॉडेल बघत नाही, त्याच्यासाठी चित्र म्हणजे आकड्यांचा एक भलामोठा संच. ग्लेझ तुमच्या चित्राच्या पिक्सेल्समध्ये असे बारीक बारीक बदल करतं की आपल्याला ते जवळपास तसंच दिसतं पण मॉडेलला त्याची शैली भलतीच वाटते. त्यांच्याच साइटवरचं उदाहरण घ्या, तुम्ही कोळशाने काढलेलं वास्तववादी पोर्ट्रेट मॉडेलला जॅक्सन पोलॉकच्या रंग उडवलेल्या अमूर्त चित्रासारखं दिसू शकतं. मग अशा चित्रांवर शिकवलेल्या मॉडेलकडे कुणी तुमच्या शैलीतलं चित्र मागितलं की भलतंच काहीतरी बाहेर येतं. हा वॉटरमार्क नाही, म्हणजे कोपरा क्रॉप केला किंवा स्क्रीनशॉट काढला की गेला असं होत नाही, तो पूर्ण चित्रभर पसरलेला असतो.

वापरायला अगदी सोपं. चित्र निवडायचं, इंटेन्सिटीचा (बदल किती जोरात करायचे त्याचा) स्लायडर किती ठेवायचा ते ठरवायचं, रेंडर क्वालिटी ठरवायची, फोल्डर सांगायचं, रन दाबायचं. पहिल्यांदा उघडल्यावर ते मॉडेलच्या मोठमोठ्या फाइल्स डाउनलोड करत बसतं, तेव्हा कॉम्प्युटर सोडून दुसरं काहीतरी काम करा. ग्राफिक कार्ड चांगलं असेल तर बरं, नसेल तर प्रोसेसरवर एकेका चित्राला इतका वेळ लागतो की मी रात्री झोपताना लावून ठेवायची. ज्यांच्याकडे तसा कॉम्प्युटर नाही त्यांच्यासाठी वेबग्लेझ आहे, ते त्यांच्या सर्व्हरवर चालतं, ब्राउझरमधून, फोनवरूनही, फक्त त्यासाठी आधी अकाउंट मागून घ्यावं लागतं आणि तुम्ही माणूस आहात, चित्रकार आहात एवढं ते बघतात. डाउनलोड करताना मात्र विद्यापीठाच्या अधिकृत पानावरूनच करा, कुणी पाठवलेल्या फाइलवरून नको.

आता मुद्द्याचं, चित्र दिसतं कसं. हे पूर्णपणे तुम्ही काय काढता त्यावर आहे. माझं एक वॉटरकलर होतं, खडबडीत कागदावरचं, झाडाचा बुंधा आणि खाली ओलसर पाचोळा, त्याच्यावर मधल्या इंटेन्सिटीने लावलं तर मला स्वतःला दोन्ही फाइल्स शेजारी ठेवूनही फरक शोधावा लागला, कागदाच्या दाण्यातच तो मिसळून गेला होता. नंतर त्याच सेटिंगवर एक डिजिटल चित्र घेतलं, फिकट निळं सपाट आकाश, एकच रंग, खाली छोटीशी होडी. तिथे मात्र आकाशात पुसट नागमोडी वळवळ दिसायला लागली, काचेवर तेलकट हात लागल्यावर दिसतं तशी, आणि झूम न करता दिसत होती. होडीच्या कडेलाही एक मळकट झाक आली. ग्लेझवाले स्वतःच सांगतात की सपाट रंग आणि गुळगुळीत बॅकग्राउंड असलेल्या चित्रांत बदल जास्त दिसतात. म्हणजे कॉमिक, अ‍ॅनिमे, व्हेक्टर टाइप काम करणाऱ्यांचं दुखणं जास्त आणि नेमकी त्यांचीच शैली मॉडेलला पटकन उचलता येते, हे मला फार खटकतं. इंटेन्सिटी कमी केली की वळवळ कमी होते पण संरक्षणही त्याच प्रमाणात कमी. मी काय करते, तर अशा चित्रांत आधीच हलकं टेक्स्चर किंवा ग्रेन घालते आणि मग ग्लेझ लावते, बदल बरेच झाकले जातात. क्लायंटला द्यायच्या फाइलवर अर्थातच काही लावायचं नाही, फक्त ऑनलाइन टाकायच्या कॉपीवर.

आता मर्यादा, आणि या नीट वाचा. ग्लेझ लावलेलं चित्र कुणी डाउनलोड करून टी-शर्टवर छापलं तर ग्लेझ त्याला काडीचाही अडथळा करत नाही. तुमचं चित्रच मॉडेलला देऊन "यासारखंच थोडं बदलून दे" असं कुणी केलं तर त्यावरही ते फारसं चालत नाही, हेही बनवणाऱ्यांनीच लिहून ठेवलंय. शिवाय जी चित्रं आधीच गोळा केली गेली ती गेली, एआयला शिकवण्यासाठी जमवलेल्या लायन-५बी या डेटासेटमध्येच ५.८५ अब्ज चित्र-मजकूर जोड्यांच्या लिंका होत्या, तिथून मॉडेल शिकून बसली आहेत. त्यामुळे ज्याचं काम वर्षानुवर्षं सगळीकडे पसरलंय त्याला फायदा कमी, आणि जो नवीन आहे, ज्याची चित्रं अजून मोजकीच बाहेर आहेत, त्याला सगळ्यात जास्त.

आणि हे कवच अभेद्य नाही. २०२४ मध्ये झुरिचच्या ईटीएच आणि गूगल डीपमाइंडच्या संशोधकांनी दाखवलं की चित्रात थोडा नॉइज (बारीक ठिपक्यांचा गोंधळ) मिसळून ते पुन्हा अपस्केल (मोठं) करण्यासारख्या साध्या युक्तीनेही अशी संरक्षणं बरीचशी निष्प्रभ करता येतात. ग्लेझच्या टीमने त्यानंतर नवी आवृत्ती काढली, मग २०२५ मध्ये लाइटशेड नावाची पद्धत आली, तिने नाइटशेड लावलेली चित्रं जवळपास बिनचूक ओळखून दाखवली. हे संशोधक चित्रकारांचे शत्रू नाहीत बरं का, त्यांचं म्हणणं एवढंच की खोटा भरवसा ठेवू नका. ते मला पटतं. पण म्हणून ग्लेझ टाकून द्यायचं हे मात्र पटत नाही. जो माणूस घरबसल्या तुमची तीस चित्रं डाउनलोड करून मॉडेल बनवू पाहतो तो प्रत्येक चित्रावर ही सगळी खटपट करेलच असं नाही, आणि खटपट करावी लागणं हाच तर अडथळा. बनवणाऱ्यांनीही ते कायमचं संरक्षण आहे असा दावा कधी केला नाही.

नाइटशेड त्याच लॅबचं, जानेवारी २०२४ चं, आणि पहिल्या ५ दिवसांत २.५ लाख वेळा डाउनलोड झालं, यावरून चित्रकार किती संतापलेले होते ते कळतं. ग्लेझ तुमचा बचाव करतं, नाइटशेड उलट वार करतं. हिरव्या कुरणातली गाय माणसाला गायच दिसते पण मॉडेलला गवतात पडलेली चामड्याची पर्स दिसते, आणि न विचारता उचललेली अशी चित्रं पुरेशी झाली की मॉडेल गाय मागितल्यावर पर्स काढायला लागतं. त्यांच्या प्रयोगांत एका शब्दासाठी शंभरपेक्षा कमी चित्रं पुरली होती. भावना मला शंभर टक्के मान्य आहे, न विचारता उचलायचं तर त्याची किंमत मोजा. पण एकट्या चित्रकाराला त्याचा थेट फायदा काही नाही, तुमच्या शैलीचं त्याने रक्षण होत नाही, हा सामूहिक दबावाचा प्रकार आहे. दोन्ही लावायचे असतील तर आधी नाइटशेड आणि शेवटी ग्लेझ असा क्रम ठेवा. माझ्या चित्रांवर दोन्ही लावल्यावर डाग जास्तच दिसायला लागले म्हणून मी फक्त ग्लेझवर थांबले.

चित्र टाकायचं कुठे हाही प्रश्न असतो. छायाचित्रकार जिंगना झांग यांनी सुरू केलेलं कारा हे अ‍ॅप मी वापरते, तिथे एआयने बनवलेली चित्रं पोर्टफोलिओत चालत नाहीत आणि ग्लेझ तिथल्या तिथे लावता येतं. जून २०२४ मध्ये एका आठवड्यात त्यांचे युजर ४०,००० वरून साडेसहा लाखांवर गेले. काम देणारे लोक तिथे अजून कमी आहेत, त्यामुळे मोठ्या प्लॅटफॉर्मना पर्याय म्हणून नाही तर जोडीला ठीक. झांग यांची स्वतःची लढाईही वाचण्यासारखी आहे, त्यांच्या फोटोवरून लक्झेंबर्गमध्ये एकाने जवळजवळ तसंच पेंटिंग केलं, त्यावर त्याला बक्षीस मिळालं, खालच्या कोर्टात झांग हरल्या आणि मे २०२४ मध्ये अपिलात जिंकल्या. फोटोवरून चित्र काढलं म्हणजे माध्यम बदललं, आता ते माझं, असं समजणाऱ्यांनी हा निकाल लक्षात ठेवावा.

आता पहिल्या प्रकारच्या चोराकडे. इथे माझं आवडतं टूल टिनआय, टोरांटोच्या कंपनीचं, २००८ पासून आहे, म्हणजे गूगलचं चित्रावरून शोधणं सुरू व्हायच्याही आधीपासून. चित्र टाकायचं, ते इंटरनेटवर अजून कुठे कुठे आहे ते दाखवतं. गूगल लेन्सही हे करतं, पण लेन्सचा कल "यासारखं दिसणारं" दाखवण्याकडे आहे, तुम्ही होडीचं चित्र टाकलं तर जगातल्या सगळ्या होड्या आणि वर खरेदीच्या लिंका. टिनआय तुमच्या चित्राचा अंगठ्यासारखा एक ठसा तयार करतं आणि नेमका तोच ठसा शोधतं, मग चित्र लहान केलेलं असो, कापलेलं असो की रंग बदललेले असोत. शोधायला टाकलेली चित्रं ते साठवून ठेवत नाहीत असं ते सांगतात, हेही मला महत्त्वाचं वाटतं.

माझी एक पावसाळी खिडकी आहे, खिडकीत मांजर, तिच्यावर टिनआय चालवलं तर ती एका प्रिंट-ऑन-डिमांड (मागणी येईल तशी वस्तूंवर चित्रं छापून विकणाऱ्या) साइटवर उशीच्या अभ्र्यावर सापडली. खालची सही कापून टाकलेली, चौकटीचा डावा भाग गेलेला, सगळं चित्र जांभळट केलेलं. टिनआयमध्ये कंपेअर म्हणून सोय आहे, त्यावर आलटून पालटून क्लिक केलं की तुमचं चित्र आणि सापडलेलं चित्र एकावर एक येतं, आणि तेव्हा दिसलं की खिडकीच्या गजावर माझ्या ब्रशचा जो एक ओघळ चुकून खाली आला होता तो तिथेही जसाच्या तसा होता. म्हणजे "आम्ही फक्त प्रेरणा घेतली" हे म्हणायची सोयच उरली नाही. निकाल सगळ्यात जुना, सगळ्यात मोठा, सगळ्यात जास्त बदललेला अशा क्रमाने लावता येतात, मी जास्त बदललेलं आधी बघते कारण मुद्दाम बदल करणारा हा मुद्दाम चोरी करणारा असतो. तारखेबद्दल एक लक्षात ठेवा, तिथे दिसते ती टिनआयला ते पान पहिल्यांदा कधी सापडलं ती तारीख, चित्र कधी टाकलं ती नाही, त्यामुळे तो पक्का पुरावा समजू नका.

कमतरता म्हणजे जे टिनआयने स्वतः बघितलेलं नाही ते सापडणार नाही, लॉगिनच्या आतल्या पोस्ट, बंद ग्रुप, छोट्या दुकानांची पानं बऱ्याचदा निसटतात. म्हणून मी लेन्सही चालवते, आणि चित्र आरशासारखं उलटं करूनही एकदा शोधते कारण उलटवणं ही चोरांची जुनी सवय आहे. काही पैसे घेणाऱ्या सेवा सतत नजर ठेवतात आणि वसुलीचं कामही करतात, पण त्यात त्या मोठा वाटा घेतात, तेव्हा करार शेवटच्या ओळीपर्यंत वाचून मगच सही करा.

सापडलं, मग पुढे काय? आधी स्क्रीनशॉट, त्यात पानाचा पत्ता आणि तारीख दिसली पाहिजे, विक्रेत्याला मेसेज करण्याच्या आधी, कारण मेसेज गेला की पान गायब होतं आणि दुसऱ्या नावाने पुन्हा उगवतं. मग टेकडाउन नोटीस. १९९८ च्या डीएमसीए या अमेरिकन डिजिटल कॉपीराइट कायद्यातून ही पद्धत आली आणि बहुतेक मोठ्या साइट्स अमेरिकन असल्यामुळे जगात कुठूनही ती वापरता येते, वकील लागत नाही, नोटीस द्यायला फी नसते. त्यात तुमचं मूळ चित्र कुठलं, चोरलेलं नेमकं कुठल्या लिंकवर आहे, तुमचा संपर्क, हे परवानगीशिवाय वापरलंय असं मला प्रामाणिकपणे वाटतं हे वाक्य, दिलेली माहिती खरी आहे आणि मीच हक्कदार आहे हे खोटं बोलल्यास शिक्षेला पात्र या अटीसकट, आणि सही, एवढं लागतं. रागाचा एकही शब्द लागत नाही, उलट लांबलचक कैफियत लिहिली की वाचणाऱ्याला नेमकी लिंक सापडत नाही आणि काम अडतं. माझ्या उशीवाल्या मांजरीचं पान नोटिशीनंतर उतरलं.

पण दोन गोष्टी आधी माहीत असू द्या. समोरचा काउंटर नोटीस (चित्र चुकून उतरवलं असं उलट पत्र) देऊ शकतो, आणि दिली तर १० ते १४ कामाच्या दिवसांत तुम्ही कोर्टात गेला नाहीत तर साइट ते चित्र परत लावू शकते. दुसरं, नोटिशीतलं तुमचं नाव समोरच्याकडे जातं, आणि गूगलला पाठवलेल्या नोटिसा लुमेन या सार्वजनिक संग्रहातही जातात. घरचा पत्ता आणि खासगी फोन त्यात घालण्याआधी विचार करा, विशेषतः एकट्याने काम करणाऱ्या मुलींनी, मी कामाचा वेगळा ईमेल आणि वेगळा पत्ता ठेवलाय. आणि इथेच लेयर्सवाली फाइल कामाला येते. कच्चं स्केच, मधले टप्पे, प्रोसेसचे व्हिडिओ हे चोराकडे नसतं. त्याच्याकडे सपाट जेपीजी असतं, तुमच्याकडे मांजरीच्या मिशांचा वेगळा लेयर असतो.

वॉटरमार्कबद्दल लोक खूप विचारतात. २०१७ मध्ये गूगलच्याच संशोधकांनी दाखवलं होतं की एकच वॉटरमार्क शेकडो चित्रांवर अगदी त्याच आकारात असेल तर कॉम्प्युटर तो सगळ्या चित्रांतून ओळखून आपोआप पुसून टाकू शकतो, आणि तोच वॉटरमार्क प्रत्येक चित्रात थोडासा वाकवला तर पुसताना खुणा राहतात. तेव्हा रेडीमेड शिक्का सगळीकडे सारखा मारू नका, प्रत्येक चित्रात हाताने, थोडा तिरका, आणि कोपऱ्यात नाही तर जिथे बारीक काम आहे तिथून नेलेला बरा, कोपरा कापायला दोन सेकंद लागतात. त्याहून साधा उपाय म्हणजे फाइल लहान टाका. ए४ चांगलं छापायला २४८० बाय ३५०८ पिक्सेल लागतात, तुम्ही १२०० पिक्सेल रुंदीचं टाकलंत तर तेवढ्याच दर्जाने ते जेमतेम ४ इंच रुंद छापलं जाईल. आता एआय अपस्केलर आहेत हे मान्य, पण त्यात बारकावे बनावट येतात, बोटं आणि अक्षरं बिघडतात.

राहिली कंटेंट क्रेडेन्शियल्स. अडोबी, मायक्रोसॉफ्ट, बीबीसी, इंटेल वगैरेंनी २०२१ मध्ये सी२पीए नावाचं मंडळ स्थापलं, त्यांचं हे मानक. चित्र कुणी बनवलं, कशात बनवलं, नंतर काय बदललं याची डिजिटल सही असलेली नोंद फाइलबरोबरच जाते, आणि मध्ये कुणी छेडछाड केली तर ते तपासताना कळतं. अडोबीच्या सॉफ्टवेअरमध्ये एक्स्पोर्ट करताना ती जोडता येते, "माझ्या कामावर एआयला शिकवू नका" अशी इच्छाही त्यात नोंदवता येते. पण ती इच्छाच, कुलूप नव्हे, पाळायची की नाही ते समोरच्यावर. आणि मोठी अडचण म्हणजे कित्येक सोशल साइट्स चित्र अपलोड होताना सगळा मेटाडेटा (फाइलला जोडलेली माहिती) काढून टाकतात, स्क्रीनशॉट काढला तर तो सोबत येतच नाही, यावर उपाय म्हणून चित्रात न दिसणारा वॉटरमार्क घालून नोंद परत शोधून काढायची सोय येतेय पण सगळीकडे ती वाचली जायला वेळ आहे. मी सध्या ती जोडते, कारण एक्स्पोर्ट करताना एक टिक करायची असते आणि उद्या वाद झाला तर माझ्या नावाची आणखी एक नोंद हाताशी राहते, पण तिच्या भरवशावर मोठी फाइल मात्र कुठेही टाकत नाही.